बस ड्रायव्हर, गेमर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नावापुढचा एक शब्द मी खोडला होता. शब्द होता 'गेमर'. त्यावरून पुढे जे झालं ते सांगतो, आणि त्यात माझी बाजू चांगली दिसत नाही हेही आधीच सांगून टाकतो.

आमच्या सामोअन चर्चला न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत पन्नास वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरलं. प्रत्येक कुटुंबाला एक पान, वर फोटो, खाली नावं, आणि नावापुढे तो माणूस काय करतो ते. मी छापखान्यात कामाला आहे, म्हणून पानं गोळा करायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. आमच्या, म्हणजे लेआवासा कुटुंबाच्या पानावर आईने स्वतःपुढे 'निवृत्त, हॉस्पिटल लाँड्री' असं लिहिलं होतं. माझ्या बायकोने 'शाळेत मदतनीस'. मी 'छपाई कामगार'. आणि तिरेसाने तिच्या मोठ्या, उभ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बस ड्रायव्हर, गेमर'.

मी तो कागद दोनदा वाचला. मग पेन काढलं आणि स्वल्पविरामापासून पुढचं खोडलं. वाटलं, तिच्या लक्षात येणार नाही.

तिरेसा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. पोरिरुआतल्याच कॅनन्स क्रीक भागात आईबरोबर राहायची. पहाटेची पहिली बस काढायची, दहाला घरी यायची, दुपारी अडीचला दुसऱ्या पाळीला निघायची. मधले चार तास ती तिच्या खोलीत पडद्यासमोर बसायची, आणि त्या वेळात घराला आग लागली तरी तिला हाक मारायची नाही, असं आईच सगळ्यांना वैतागून सांगायची. "बसलीये डब्याशी भांडत," म्हणायची.

हा नाद लहानपणचा. आमच्या कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानात, दाराला लागून, दोन यंत्रं उभी असायची. नाणं टाकायचं आणि खेळायचं. आम्ही त्यांना 'स्पेसी' म्हणायचो. मुलींनी चिप्सचं पुडकं घ्यायचं आणि घरी जायचं, मुलांनी यंत्राभोवती गराडा घालायचा, असा तिथला अलिखित कायदा. तिरेसा अकरा वर्षांची असताना एकदा पुडकं माझ्या हातात देऊन रांगेत उभी राहिली. चार थोराड पोरांना तिने ओळीने हरवलं. पाचवा हरायला लागला तसा त्याने यंत्राची वायरच उपटली. तिरेसाने वाकून वायर परत लावली आणि म्हणाली, "चल, आता पहिल्यापासून." मी चिप्स गार होईपर्यंत तिथेच उभा होतो.

चोविसाव्या वर्षी मांसाच्या कारखान्यात करवतीखाली तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. हे खेळ डाव्या हाताने दांडा धरून खेळतात. तिला दांडा धरता येईना. वर्षभर तिने खेळाचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाचं दार गायब झालं, आणि तिच्या खोलीतून करवतीचा आणि ड्रिलचा आवाज यायला लागला. तिने एक चपटी पेटी केली. दांडा नाही, नुसती बटणं, आणि तीही उलटी. चालायची बटणं उजव्या हाताला, ठोसे-लाथांची डाव्या हाताला, उरलेल्या तीन बोटांना पुरतील अशी. हात असे उलटे करून पुन्हा शिकायला तिला दोन वर्षं लागली. खोलीतून नुसता टकटक आवाज यायचा. कोणीतरी आईला सांगितलं होतं की पोरगी चर्चमधला ऑर्गन शिकतेय. आई बरेच दिवस खुशीत होती.

ती जो खेळ खेळते त्यात दोन लढवय्ये समोरासमोर येतात. तीन फेऱ्या जो आधी जिंकेल त्याचा सामना. बाकीचे लोक चपळ, उड्या मारणारे गडी घेतात. तिरेसा ओगान नावाचा एक पोट सुटलेला म्हातारा नावाडी घ्यायची. तो बैलासारखा हळू चालतो, पण त्याच्या तावडीत सापडलं की सुटका नाही. इंटरनेटवर तिचं नाव 'क्रीकबस'. त्या वर्षी देशाच्या यादीत ती सातवी होती. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

स्मरणिकेची कच्ची प्रत सगळ्या घरांत वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवारी ती माझ्याकडे आली. मी अंगणात तारोचे कंद सोलत होतो. तिने आमचं पान माझ्यासमोर धरलं.

"लाफाएले, हे कोणी केलं?"

मी म्हणालो, जागा कमी पडत होती.

"एका शब्दाला?"

"तिरेसा, ऑकलंडहून पाहुणे येणार आहेत. पाद्रीसाहेब सगळी पानं मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. सेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या नावापुढे गेमर. लोक हसतील."

"मालोसी काकांच्या नावापुढे काय आहे?"

ते मला पाठ होतं, मीच टाईप केलं होतं. 'रग्बी खेळाडू'. मालोसी काका एकाहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे बदललेले, जिना चढताना दोन माणसं लागतात.

"त्यांनी शेवटचा बॉल कधी हातात धरला?" तिने विचारलं.

"ती गोष्ट वेगळी आहे."

"वेगळीच आहे," ती म्हणाली. "ते खेळायचे. मी खेळते."

मी सुरी खाली ठेवली आणि तिला समजवायला लागलो. रग्बी मैदानावर असतं, त्यात घाम असतो, गावाची इज्जत असते. तिने सगळं ऐकून घेतलं. ती भांडताना आवाज चढवत नाही. बसमध्ये दारुडे चढतात तेव्हाही चढवत नाही, असं तिचे सहकारी सांगतात, नुसती बस बाजूला लावते आणि वाट बघते. तशीच उभी राहिली. मी बोलून थकलो तेव्हा म्हणाली, "तिकडे इंटरनेटवर म्हणतात, बाई आहे, खरी नसणार. इकडे तुम्ही म्हणता, पोरखेळ आहे, खरा नसणार. मी मधे कुठे उभी राहू ते तरी सांग."

मी सुरी उचलली आणि पुन्हा तारो सोलायला लागलो.

ती थेट स्मरणिकेच्या समितीपुढे गेली. मी तिथे होतो, कोपऱ्यात, कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. आमचे पाद्रीसाहेब मनाने वाईट नाहीत. त्यांनी आधी 'संगणकाची आवड' असं लिहू या म्हणून सुचवलं. तिरेसा म्हणाली, आवड मला कोकोची आहे. पाद्रीणबाईंनी हळूच विचारलं, हे व्यसन तर नाही ना, तसं असेल तर लाजू नकोस, बोलायला माणसं आहेत. तिरेसाने शांतपणे सांगितलं की एकोणीस वर्षांत तिच्या बसला एकही अपघात नाही, एकही पाळी चुकली नाही, एकही रविवार चुकला नाही, आणि व्यसनाची बाई अशी असते का ते त्यांनीच ठरवावं. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. ती दर गुरुवारी रग्बी क्लबात हाउजी खेळायला जाते, आणि एक गुरुवार चुकला तर आठवडाभर कोणाशी धड बोलत नाही. तिने एकदम पर्समध्ये रुमाल शोधायला सुरुवात केली.

शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले, "मुली, रोज शेकडो माणसं तू सुखरूप घरी पोचवतेस. एवढं पुरे नाही का?"

"बस मी पगारासाठी चालवते, पाद्रीसाहेब, आणि नीट चालवते. पण मी कोण असं तुम्ही विचारलंत, तर त्याला तो दुसरा शब्द लागतो. तो नको असेल तर माझं नावच काढा. अर्धी मी छापू नका."

आणि आम्ही नाव काढलं. समितीने हात वर करून ठरवलं, आणि माझा हातही वर गेला. स्मरणिका तशीच छापली गेली, आजही घराघरात तशीच आहे. आमच्या पानावर फोटोत चार माणसं आणि खाली नावं तीन. फोटोत सगळ्यांत उंच तीच आहे. समारंभाच्या दिवशी ऑकलंडचे पाहुणे पान उघडून विचारत होते, ही मागची कोण? तिरेसा पांढरी टोपी घालून पहिल्या बाकावर बसली होती, आणि भजनात तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. कोणी विचारलं तर स्वतःच सांगत होती, "ती मी. माझ्या कामाचं नाव त्यांना छापायचं नव्हतं." एकदा नाही, दहा-बारा वेळा. आईचा चेहरा दुपारपर्यंत लाल होता.

बाहेर मालोसी काका काठीवर रेलून उभे होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. आमच्या सामोअन लोकांत म्हणतात की बहीण ही भावाच्या डोळ्यातली बाहुली. काका म्हणाले, "लाफाएले, बाहुली काढून डोळा छापलास रे तू. माझ्या पानावर जागा होती, मला विचारायचं होतंस." एवढं बोलून ते गाडीकडे गेले, दोन माणसांच्या आधाराने.

त्यानंतर दोन आठवडे मी तिच्या घरी गेलो नाही. गेलो तेव्हा ती पेटीची बटणं एकेक काढून पुसत होती. वेलिंग्टनला पुढच्या शनिवारी देशभरातल्या खेळाडूंची स्पर्धा होती, ती जाणार होती. याआधी पाच वेळा गेली होती हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, मी येऊ का?

"कशाला? लाज वाटते म्हणून, की बघायचंय म्हणून?"

"दोन्ही."

तिने पुसलेलं बटण जागेवर बसवलं. "मग पिशवी तू उचल."

शनिवारी सकाळी पिशवी आईने भरली. शेवयांचं सापासुई, उकडलेला तारो, पानिकेकेचे पिठाचे तळलेले गोळे, आठ जणांना पुरेल इतकं. अजून रागात होती, तिरेसाकडे न बघताच पिशवी माझ्याकडे दिली. "हरायचं असेल तर भरल्या पोटी हर म्हणावं तिला," म्हणाली.

सभागृह बंदराजवळ होतं. आत शे-दीडशे पडदे, आणि पावसासारखा बटणांचा आवाज. नावनोंदणीच्या टेबलावर एक गोड मुलगी होती. तिने आमच्याकडे बघितलं, माझ्या मनगटाला खेळाडूची हिरवी पट्टी बांधली आणि तिरेसाला प्रेक्षकांची पिवळी दिली. वर म्हणाली, मागे बसायला चांगल्या खुर्च्या आहेत. तिरेसाने माझा हात धरला, हिरवी पट्टी सोडवली, स्वतःच्या मनगटाला बांधली आणि पिवळी मला बांधली. "उलटं झालं होतं," ती त्या मुलीला म्हणाली. मुलगी कानापर्यंत लाल झाली.

पहिले दोन सामने तिने असे जिंकले की मला काही कळायच्या आत संपले. तिसरा फर्गसशी होता. फर्गस ऑकलंडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, तांबडी दाढी, आधीच्या दोन वर्षांचा विजेता. यानेच इंटरनेटवर लिहिलं होतं की क्रीकबस नावाने खेळतो तो कोणी भाचा आहे, आणि मावशी फक्त फोटोपुरती. तिरेसाने मला हे गाडीत सांगितलं होतं, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

ती खुर्चीत बसून पेटी मांडीवर घेते तोच फर्गसने हात वर केला. पंच राविरी आला. तो चाळिशीचा, केस मागे बांधलेला, दिवसभर पोरांची भांडणं सोडवून थकलेला माणूस. फर्गसचं म्हणणं असं की पेटी घरी केलेली आहे, आत काय बसवलंय कोणाला माहीत. एक बटण दाबलं की चार हालचाली होतील असं काही असू शकतं. आणि या हाताने, तो म्हणाला आणि तिच्या डाव्या हाताकडे न बघता बोट केलं, या हाताने इतक्या वेगाने कोणी खेळूच शकत नाही.

आजूबाजूचे खेळ थांबले. मी उठून पुढे गेलो. काय करणार होतो मलाच माहीत नाही, पण माझ्या मुठी वळल्या होत्या. तिरेसाने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी जागच्या जागी थांबलो.

राविरी म्हणाला, "मला ही उघडून बघावी लागेल."

"मीच उघडते. तुम्ही स्क्रू हरवाल."

तिने खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, आठ स्क्रू काढून टेबलावर रांगेत ठेवले आणि झाकण उचललं. आत सगळं आरशासारखं स्वच्छ. प्रत्येक बटणाला वेगळ्या रंगाची तार, प्रत्येक तारेवर तिच्या अक्षरातली बारीक चिठ्ठी. झाकणाच्या आतल्या बाजूला आमच्या जुन्या कपाटाचा निळा रंग अजून होता. राविरीने एकेक बटण दाबून पडद्यावर तपासलं. पंधरा मिनिटं लागली. एका दाबाला एक हालचाल, कुठेही फरक नाही. त्याने मान वर केली आणि म्हणाला, आज इथे आलेल्या पेट्यांत ही सगळ्यांत नीट बांधलेली आहे.

तिरेसाने डावा हात उचलून टेबलाच्या मधोमध, फर्गससमोर ठेवला.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "ही तीन आहेत. तुझी पाच आहेत. अजून काही तक्रार असेल तर आत्ताच सांग, नंतर मला वेळ नसेल."

त्याची तक्रार नव्हती.

पहिल्या दोन फेऱ्या ती हरली. तेव्हा मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हरणं कळतं. फर्गसचा गडी नुसता भिरभिरत होता आणि बिचारा ओगान हात तोंडावर घेऊन मार खात होता. मागून कोणीतरी म्हणालं, संपलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती घाबरली नव्हती. चौकात सिग्नलला थांबलेली ड्रायव्हर असते तशी बसली होती. गाड्या कुठून येतात, कुठे वळतात ते बघत.

तिसऱ्या फेरीत फर्गसने ठोसा मारला आणि सवयीने उडी घेतली. ओगान तिथेच उभा होता. त्याने त्याला हवेतच धरलं आणि आपटलं. पुन्हा ठोसा, पुन्हा उडी, पुन्हा धरलं. नंतर तिने मला समजावलं की पहिल्या दोन फेऱ्यांत ती फक्त हेच मोजत होती, ठोशानंतर तो कितीदा उडी मारतो. अकरातून नऊ वेळा. तिसरी फेरी तिची. चौथीही. पाचव्या फेरीत त्याने उडी मारायचं सोडलं, आणि उडी मारायची नाही एवढ्यातच त्याचं सगळं लक्ष अडकलं. म्हातारा नावाडी सावकाश चालत त्याच्यापर्यंत गेला.

पडदा स्थिर झाला. आणि असा गलका झाला की टेबलं हलली. फर्गसने हात पुढे केला. "म्हणजे खरंच तूच खेळतेस."

"नाही रे," तिरेसा म्हणाली. "माझा भाचा टेबलाखाली बसलाय."

देवाशपथ सांगतो, त्याने निमिषभर टेबलाखाली बघितलं.

पुढचे दोन सामनेही ती जिंकली आणि अंतिम सामन्यात पोचली. त्याआधी दोन्ही खेळाडूंना मंचावर बोलावलं. निवेदक उत्साही होता, मनात काही वाकडं नसलेला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाला, आणि ही आज सगळ्यांचं मन जिंकणारी आपली लाडकी गेमर आई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या प्रेमाच्याच होत्या. मला वाटलं ती हसून सोडून देईल. एवढं मिळालं ते काय कमी आहे.

तिने त्याच्या हातातून माइक घेतला.

"मी कोणाची आई नाही," ती म्हणाली. "मला मुलं नाहीत, आणि त्याचं मला दुःखही नाही. माझं नाव तिरेसा लेआवासा. पोरिरुआत बस चालवते. मी गेमर आहे, या खोलीत कोणीही आहे तितकीच. तुमच्यातले निम्मे जन्मायच्या आधीपासून आहे. हरल्यावर रागाच्या आधी ज्याला प्रश्न पडतो, की मी का हरलो, तो गेमर. वय, बोटं, बाई-बुवा हे त्यात कुठेच येत नाही. मन जिंकायला मी आलेली नाही. सामना किती वाजता आहे तेवढं सांगा."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, निदान लगेच नाही. निवेदकाने घसा खाकरला आणि म्हणाला, दहा मिनिटांत. मग मागच्या एका कोपऱ्यातून एक मुलगी उठून उभी राहिली आणि पाय आपटायला लागली. तिच्या शेजारची उठली. पाय आपटायचा तो आवाज सभागृहभर पसरला, आणि मला आमच्या चर्चचा लाकडी मजला आठवला.

माझ्या शेजारी कॅमेरा घेतलेला एक माणूस होता. त्याने माझी पिशवी बघून विचारलं, तुम्ही तिच्याबरोबर आहात का, काय करते ती?

"गेमर आहे," मी म्हणालो. "बससुद्धा चालवते." माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला, कारण पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली.

अंतिम सामना ती हरली. क्राइस्टचर्चची हेरिन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती, सडपातळ, बोलायला जवळजवळ मुकी. दिवसभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तिने पहिली फेरी घेतली, तिरेसाने दुसरी, आणि मग हेरिनने सलग दोन. त्या मुलीला उड्या मारायची सवयच नव्हती. कसलीच सवय नव्हती. तिरेसा मोजत राहिली आणि मोजायला काही सापडलं नाही. शेवटचा फटका बसला तेव्हा तिने डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले, आणि मला अकरा वर्षांची तिरेसा दिसली. मी काय बोलायचं ते मनात जुळवत तिच्याकडे निघालो. दुसरा नंबर म्हणजे केवढी मोठी गोष्ट, असं काहीतरी.

पण मी पोचेपर्यंत ती हेरिनकडे वळली होती.

"चौथ्या फेरीत," तिने विचारलं, "मी कोपऱ्यात होते, तू पुढे यायच्या ऐवजी दोन पावलं मागे का गेलीस?"

हेरिन पहिल्यांदा हसली. "तू धरायला येशील म्हणून."

"मी येणार होतेच."

"मला माहीत होतं."

"कशावरून?"

हेरिनने तिच्या पेटीकडे बोट दाखवलं. म्हणाली, धरायच्या आधी तू अंगठा जरासा उचलतेस, आवाज थांबतो. तिरेसा स्वतःच्या अंगठ्याकडे बघतच राहिली. मग दोघींनी खुर्च्या पुढे ओढल्या.

बक्षीस समारंभ उरकला. दोघी मंचावर जाऊन आल्या आणि परत तिथेच बसल्या. पाच वाजायला आले. कामगार खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होते, पडदे एकेक करून बंद होत होते. मी पिशवी उघडली. हेरिनने तारो आधी हुंगून बघितला, मग तीन तुकडे खाल्ले. राविरीने उभ्याउभ्या दोन पानिकेके तोंडात टाकले आणि म्हणाला, पाच मिनिटांत सभागृह रिकामं करायचंय.

"अजून एक," तिरेसा म्हणाली. मान वर केली नाही.

आईचा फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "जिंकली का?"

"दुसरी आली."

"दुसरी म्हणजे हरली."

"हो."

"रडतेय?"

"नाही. खेळतेय."

"अजून? कोणाशी?"

"जिने हरवलं तिच्याशी."

आईच्या मागे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. "मग तिला अडवू नकोस," ती म्हणाली. "आणि ते सापासुई गार झालं असेल, आधी खायला सांग. आणि लाफाएले, मघाच्या फोनवर सांगितलंस ना, तिचं ते काय, ते धरायचं, ते कसं करतात ते बघून ये. मला सांग."

राविरी परत आला. घड्याळ दाखवलं. तिरेसाने अंगठा बटणावर टेकवून ठेवला होता, उचलायचाच नाही असा. "अजून एक," ती म्हणाली. राविरीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला लावलेली एक खुर्ची घेतली, उघडली आणि तिच्या शेजारी मांडून बसलो. त्याने मान हलवली, दुसरी खुर्ची उघडली आणि तोही बसला.